वाहनाचे ब्रेक : धोक्याची पूर्वसूचना कशी ओळखावी ?

जिल्ह्यात आणि तालुक्यात काम करणाऱ्या माणसाचा वाहनाशी रोजचा संबंध असतो. अधिकाऱ्याची दौऱ्याची गाडी, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी बस, अशी किती तरी वाहने ग्रामीण भागातील कामकाजाचा आधार बनलेली आहेत. या वाहनांतून जाणाऱ्या आपणा सर्वांचे लक्ष बहुधा वेळेकडे आणि पोचावयाच्या ठिकाणाकडे असते. गाडी चालते कशी याची आपण फारशी चौकशी करीत नाही आणि ती थांबते कशी याची तर मुळीच करीत नाही.

अपघातानंतर मात्र ‘ब्रेक फेल झाला’ हे शब्द सर्वांच्या तोंडी येतात. जणू काही ब्रेक हा अचानक रुसणारा पदार्थ आहे आणि त्यापुढे मनुष्याचा इलाज नाही, अशा भावनेने हे शब्द उच्चारले जातात. वास्तविक धडधाकट ब्रेक एका क्षणात पूर्णपणे निकामी होण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा ब्रेक कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे अगोदर सूचना देत असतो. ही सूचना कधी पायाला मिळते, कधी कानाला, कधी नाकाला, तर कधी डोळ्यांना. ती ओळखावी कशी आणि ओळखल्यावर करावे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक अनुभव

विषयाला प्रारंभ करण्यापूर्वी एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका डोंगराळ तालुक्यातील कार्यक्रमाच्या वृत्तांकनासाठी सकाळी निघाला होता. गाडीचे चालक सेवानिवृत्तीला आलेले, अनुभवी गृहस्थ होते. कार्यालयातील सर्व जण त्यांना मामा म्हणत. गाडी गावाबाहेर पडताच ते म्हणाले, “साहेब, ब्रेक दोनदा मारावा लागतोय. आज घाट नको.” कार्यक्रम अकरा वाजता होता. “मामा, हळू घ्या, पण वेळेत पोचलं पाहिजे,” एवढे सांगून लेखक आपल्या कागदपत्रांत डोके घालून बसला. मामा पुढे काही बोलले नाहीत.

जाताना चढ होता, त्यामुळे काही जाणवले नाही. परतीच्या वाटेवर, घाटाच्या तिसऱ्या वळणावर ब्रेकचे पेडल तळाला टेकले. मामांनी गिअर उतरविले, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीच्या बाजूस जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घासत नेऊन रस्त्याकडेच्या चरात घातली. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. आम्हा इतरांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पुढे कारागिराने गाडी उघडली तेव्हा मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजलेले आणि ब्रेक ऑइल काळे पडलेले आढळले.

गाडीची नोंदवही नंतर पाहिली. ‘ब्रेक तपासणे आवश्यक’ अशी नोंद मामांनी मागील पाच आठवड्यांत तीन वेळा केली होती. दुरुस्तीचा प्रस्ताव दरपत्रकांच्या प्रतीक्षेत होता. त्या तिन्ही नोंदींच्या पानांवर प्रस्तुत लेखकाची स्वाक्षरी होती. गाडीने सूचना दिली होती, चालकाने ती ओळखली होती, कागदावरही आणली होती. ज्याने ती वाचावयाची त्याने मात्र ती न वाचता सही केली होती. हा लेख लिहिण्यामागे ही जाणीव आहे.

ब्रेकचे कार्य

ब्रेकच्या सूचना समजण्यासाठी त्याच्या कार्याची थोडी ओळख हवी. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने मांडला. शाळेच्या विज्ञानात हा नियम आपण सर्वांनी शिकलेला आहे. मोटारीचा ब्रेक हा त्याचाच उपयोग होय. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. ज्या चाकाला डिस्क असते तेथे दोन पॅड त्या फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ज्या चाकाला ड्रम असतो तेथे लायनर बसविलेले दोन शू बाहेरच्या बाजूस पसरून ड्रमला आतून घासतात. या घर्षणाने चाकाची गती कमी होते आणि त्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते.

यावरून ब्रेक नीट लागण्यासाठी तीन गोष्टी शाबूत असावयास हव्यात हे लक्षात येईल. पहिली, पायाचा दाब ऑइलमार्फत चाकापर्यंत पूर्णपणे पोचला पाहिजे. दुसरी, घासणारे पृष्ठभाग, म्हणजे पॅड, लायनर, डिस्क आणि ड्रम, चांगल्या स्थितीत असले पाहिजेत. तिसरी, निर्माण होणारी उष्णता वेळीच बाहेर गेली पाहिजे. पुढे ज्या ज्या लक्षणांचा उल्लेख येईल ते प्रत्येक लक्षण या तीनपैकी कोणत्या तरी एका गोष्टीतील बिघाडाचे असते.

वेगाचा हिशेबही येथे ध्यानात घ्यावयास हवा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला शोषून घ्यावी लागणारी शक्ती दुप्पट न होता चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून ६ मीटरमध्ये थांबत असेल, तर तीच गाडी त्याच रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना थांबण्यास सुमारे २४ मीटर घेईल. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. गावात हळू चालताना ‘ब्रेक लागतो की’ असे वाटणारी गाडी महामार्गावर दगा देते याचे कारण या हिशेबात आहे.

पायाला कळणाऱ्या सूचना

सर्वांत महत्त्वाची सूचना पेडलकडून मिळते. चांगल्या ब्रेकचे पेडल थोडे खाली गेल्यावर घट्ट लागते आणि तेथेच स्थिर राहते. यात झालेला कोणताही बदल दुर्लक्षिण्यासारखा नसतो.

पेडल मऊ लागत असेल, ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखे वाटत असेल, तर नळ्यांमध्ये हवा शिरल्याची शक्यता असते. ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी त्या हवेवरच खर्च होतो. पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊन मगच ब्रेक लागत असेल, तर लायनर झिजले आहेत किंवा ऑइल कमी झाले आहे असे समजावे. एकदा दाबून भागत नाही, दोन-तीनदा मारावा लागतो, ही तर चालकांच्या तोंडी नेहमी येणारी तक्रार. ती ऐकताच गाडी कारागिराकडे गेली पाहिजे. पाय स्थिर ठेवला असताना पेडल हळूहळू खाली उतरत जात असेल, तर कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून निकामी होत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

याउलट पेडल एकाएकी दगडासारखे कडक लागू लागले तर बहुधा बूस्टरमध्ये बिघाड असतो. बूस्टर हे इंजिनाच्या साह्याने पायाचा जोर वाढविणारे साधन होय. ते बंद पडले तरी ब्रेक लागतो, पण त्यासाठी कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो आणि ऐन वेळी तेवढा जोर दिला जाईलच याची खात्री नसते.

नेहमीच्या वेगात साधा ब्रेक लावताना पायाखाली थरथर जाणवत असेल तर डिस्क वेडीवाकडी झिजली असावी. येथे एक खुलासा करणे जरूर आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा बंधनकारक आहे. अशा गाडीत निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यास पेडल थरथरते आणि खरखर आवाजही येतो. हा बिघाड नव्हे. ती यंत्रणा आपले काम करीत असते. घाबरून पाय उचलू नये, दाबलेलाच ठेवावा.

कान, नाक आणि डोळे

ब्रेक लावताना चाकातून बारीक, तीक्ष्ण ‘चीं’ असा आवाज वारंवार येऊ लागला तर पॅड संपत आल्याचे ते चिन्ह असते. बऱ्याच गाड्यांच्या पॅडवर एक लहान पत्री मुद्दाम बसविलेली असते. पॅड ठराविक मर्यादेपर्यंत झिजले की ती डिस्कला घासून आवाज करते. म्हणजे हा आवाज निर्मात्यानेच योजिलेली सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास काही काळाने खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागतो. त्यावेळी पॅड संपलेले असतात आणि दर ब्रेकबरोबर डिस्क कापली जात असते. पहिल्या आवाजाला जो खर्च थोडक्यात भागला असता, तो दुसऱ्या आवाजानंतर अनेक पटींनी वाढतो. पावसात किंवा रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पहिल्या एक-दोन ब्रेकना थोडा घसघस आवाज येतो. तो डिस्कवर धरलेल्या गंजाचा असतो आणि लगेच जातो. न जाणारा आवाज तो चिंतेचा.

करपल्यासारखा उग्र वास ही नाकाची सूचना. उतारावरून आल्यानंतर असा वास येत असेल तर ब्रेक अतिशय तापले आहेत. गाडी सुरक्षित जागी उभी करून ते आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये, कारण त्यामुळे धातूला तडा जाण्याचा संभव असतो. सपाट रस्त्यावर एकाच चाकातून वास येत असेल, ते चाक इतरांपेक्षा फार गरम लागत असेल, तर तेथील ब्रेक सुटत नसून पकडून राहिला आहे असे समजावे. अशा वेळी चाकाला हात लावून पाहू नये. जवळ हात नेला तरी धग जाणवते.

डोळ्यांनी पाहावयाच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, गाडी रात्रभर जेथे उभी होती तेथील जमीन. चाकाच्या आतल्या बाजूस किंवा त्याखाली ओला, तेलकट डाग असेल तर ती ब्रेक ऑइलची गळती असू शकते. दुसरी, बॉनेटखालील ब्रेक ऑइलची बाटली. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. ऑइल त्यांच्या दरम्यान असावे. ते कमी झाले असेल तर नुसते वर ओतून समाधान मानू नये. पॅड झिजले की ऑइलची पातळी थोडी उतरते आणि गळती असेल तर ती वेगाने उतरते. दोन्ही बाबतीत खरा दोष अन्यत्र असतो. तिसरी गोष्ट म्हणजे चालकासमोरील तांबडा दिवा. हँडब्रेक सोडल्यावरही तो जळत राहिला तर गाडी पुढे नेऊ नये. ‘तो दिवा नेहमीच लागतो’ हे उत्तर मान्य करण्यासारखे नाही.

गाडीच्या चालीतून मिळणारी सूचना

ब्रेक लावताच गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढू लागली, स्टिअरिंग सरळ ठेवण्यासाठी हातांना जोर करावा लागला, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. एका बाजूच्या लायनरवर ऑइल किंवा ग्रीस आले असेल अथवा एका बाजूचा ब्रेक अडकत असेल. टायरमधील हवेचा दाब कमी-अधिक असला तरीही गाडी ओढते. म्हणून प्रथम हवा पाहावी. कोरड्या रस्त्यावर हा दोष किरकोळ वाटतो. तोच पावसात, समोरून वाहन येत असताना, गाडी थेट दुसऱ्या बाजूस नेऊ शकतो.

गाडी थांबावयास पूर्वीपेक्षा अधिक अंतर लागते ही सूचना सर्वांत फसवी आहे. ती हळूहळू वाढत जाते आणि रोज तीच गाडी चालविणाऱ्याला तिची सवय होते. आजच्या गाड्यांमध्ये ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, परंतु पेडल खोल जाते आणि अंतर बरेच वाढते. ही सोय वाहन सुरक्षित जागी नेऊन उभे करण्यासाठी आहे. तेवढ्यावर आठवडाभर दौरे करण्यासाठी नाही. अधूनमधून दुसऱ्या चालकाकडून गाडी चालवून पाहिल्यास अशी सवयीत मुरलेली सूचना ध्यानात येते.

घाट आणि पावसाळा

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना नांदणाऱ्या आपल्या राज्यात बोरघाट, कसारा, कुंभार्ली, आंबेनळी यांसारखे घाट ओलांडल्यावाचून अनेकांचा प्रवास पुरा होत नाही. घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवण्याची खोड फार घातक असते. ब्रेक तापत जातात, घर्षणाची शक्ती घटते आणि अखेर ऑइलही उकळू लागते.

ब्रेक ऑइलचा एक गुणधर्म येथे समजून घ्यावा. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या स्थितीत तो किमान १४० अंश धरला जातो. म्हणजे जुने ऑइल पुष्कळ लवकर उकळते. उकळल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि हवेप्रमाणे वाफही दाबली जाते. परिणामी वर असताना उत्तम लागणारा ब्रेक मध्यावर येताच नाहीसा होतो. गाडी निवली की वाफ विरते आणि ब्रेक पुन्हा लागू लागतो. मग ‘आता ठीक आहे’ असे म्हणून प्रकरण मिटविले जाते. नवे ऑइल फिकट पिवळसर व स्वच्छ असते. ते तपकिरी वा काळे पडले असेल तर बदलावयास हवे. निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली मुदत पाळावी. सर्वसाधारणपणे ती दोन वर्षांची असते.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच खरा आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे हा आधार आपल्या हाताने काढून टाकणे होय. इंजिन बंद झाले की बूस्टरचे साह्य संपते आणि बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार अपघातांमुळे परिचित झाला आहे. तेथील अपघातांच्या संदर्भात जड वाहने न्यूट्रलमध्ये उतरविण्याच्या सवयीकडे वाहतूक यंत्रणेने वेळोवेळी लक्ष वेधले आहे.

पावसाळ्यात ओढ्याच्या किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर लायनर भिजतात आणि पहिले काही ब्रेक नीट लागत नाहीत. पाण्याबाहेर येताच मागेपुढे वाहन नाही असे पाहून, हळू वेगात ब्रेक दोन-चार वेळा हलकेच लावावेत. घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात.

बस आणि जड वाहने

बस, ट्रक आणि मोठे टँकर यांचे ब्रेक बहुधा हवेच्या दाबावर चालतात. येथे ऑइलच्या बाटलीऐवजी हवेच्या दाबाच्या काट्याकडे लक्ष द्यावे लागते. दाब पुरेसा भरेपर्यंत गाडी हलवू नये. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर उतरत असेल किंवा गाडीखालून फुसफुस आवाज येत असेल तर हवा गळत आहे. दाब कमी झाल्याचा इशारा देणारा बझर त्रास देतो म्हणून त्याची तार काढून टाकलेली असेल तर ते वाहन रस्त्यावर आणूच नये. हवेच्या टाकीत पाणी साठते, ते निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे नियमितपणे सोडावे.

निघण्यापूर्वीची पाच मिनिटे

दौऱ्यावर निघण्यापूर्वी पुढील तपासणीस पाच मिनिटे पुरतात. तिला कोणतेही हत्यार लागत नाही.

१. गाडीखालची जमीन आणि चाकांच्या आतील बाजू पाहावी.

२. ब्रेक ऑइलची पातळी व रंग पाहावा.

३. पेडलजवळ पाण्याची बाटली, सैल चटई किंवा अन्य वस्तू नाही याची खात्री करावी. पेडलखाली घरंगळलेली बाटली चांगल्या ब्रेकलाही निकामी करते.

४. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून स्थिर ठेवावा. ते घट्ट राहिले पाहिजे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे.

५. हँडब्रेक ओढून पाहावा. तो पूर्वीपेक्षा फार वर येत असेल किंवा उतारावर गाडी धरीत नसेल तर दुरुस्ती हवी.

६. आवारातच हळू वेगात एकदा ब्रेक लावून गाडी सरळ थांबते की नाही हे पाहावे.

नोंद आणि दुरुस्ती

दोष आढळल्यास नोंदवहीत तो नेमक्या शब्दांत लिहावा. ‘ब्रेक पाहणे’ एवढ्याने काहीच बोध होत नाही. ‘ब्रेक दोनदा दाबावा लागतो’, ‘ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढते’, ‘पुढील उजव्या चाकातून आवाज येतो’ अशी नोंद असल्यास कारागिराला दोष शोधणे सोपे जाते आणि मंजुरी देणाऱ्यालाही प्रकरणाचे गांभीर्य कळते. नोंदीखाली सही करणाऱ्याने त्याच वेळी ‘वाहन वापरण्यास योग्य’ किंवा ‘दुरुस्तीपर्यंत वापर बंद’ यांपैकी एक शेरा लिहावा. शेरा लिहावयाचा म्हटले की नोंद वाचावी लागते.

दुरुस्ती करून घेताना काही गोष्टींचा आग्रह धरावा. पॅड किंवा लायनर एकाच चाकाचे न बदलता त्या आसावरील दोन्ही चाकांचे बदलावेत. नळी किंवा सिलिंडर उघडले असल्यास ब्रेकची हवा काढून घ्यावी. पॅडची जाडी तीन मिलिमीटरवर आली असेल तर ‘अजून एक महिना जाईल’ या सल्ल्यावर विसंबू नये. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातील, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही त्यात पडता कामा नये, कारण त्यामुळे रबरी वॉशर फुगतात आणि संपूर्ण ब्रेक निकामी होतो. बदललेले जुने भाग पाहावयास मागावेत आणि गाडी मोकळ्या जागी चालवून पाहिल्याशिवाय ताब्यात घेऊ नये.

वाटेत ब्रेक गेला तर

सर्व दक्षता घेऊनही प्रसंग आलाच तर प्रथम पेडल भराभर अनेक वेळा दाबावे; पुष्कळदा थोडा दाब तयार होतो. इंजिन बंद करू नये. एकेक करून खालच्या गिअरमध्ये यावे. हँडब्रेक एकदम हिसका देऊन न ओढता, त्याचे बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, म्हणजे मागील चाके घसरणार नाहीत. दिवे आणि हॉर्न यांनी इतरांना सावध करावे. जवळ चढाचा फाटा, मऊ माती किंवा मोकळे शेत असेल तर गाडी तिकडे वळवावी. घाटात दुसरा मार्गच उरला नाही तर दरीपेक्षा डोंगराची बाजू जवळ करावी. प्रवाशांनी आरडाओरडा करून चालकाचे चित्त विचलित करू नये. सीटबेल्ट मात्र सर्वांनी, मागे बसणाऱ्यांनीही, प्रारंभापासून लावलेला असावा.

जबाबदारी कोणाची ?

ब्रेकची जबाबदारी चालकाची, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याची दृष्टी याहून व्यापक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, ज्या दोषामुळे वाहन धोकादायक ठरते आणि जो ठाऊक आहे किंवा साधी काळजी घेतली असता कळला असता, अशा दोषासह वाहन चालविणारा जसा जबाबदार ठरतो, तसाच ते चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही ठरतो. ‘साधी काळजी’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वर दिलेली पाच मिनिटांची तपासणी हीच ती साधी काळजी होय.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्रात २०११ मध्ये स्कूल बससंबंधी स्वतंत्र नियम करण्यात आले असून त्यांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीची तरतूद आहे. या समितीच्या बैठकीत भाडे आणि वेळापत्रक यांच्याबरोबर ब्रेकच्या नोंदींचाही विषय असावा. ग्रामपंचायतीनेही टँकर, घंटागाडी अथवा भाड्याने घेतलेल्या वाहनाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारावा : मागील महिन्यात चालकाने काय नोंदविले आणि त्यावर काय केले गेले ? विज्ञानाच्या शिक्षकांना तर पास्कलचा नियम शिकविताना शाळेच्या आवारातील बसपेक्षा चांगले साधन शोधूनही सापडणार नाही.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिला खर्च मुळीच येत नाही. चालक जेव्हा ‘साहेब, ब्रेक बरोबर नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे कामचुकारपणाचे मानण्याची घाई करू नये. पेडलखाली काय चालले आहे हे गाडीत एकट्या त्यालाच जाणवत असते. पण गाडी थांबविण्याचा अधिकार पुष्कळदा मागे बसलेल्याकडे असतो. कार्यक्रमाला उशीर झाल्यास दिलगिरी व्यक्त करता येते, बैठक दुसऱ्या दिवशी घेता येते, एखादा दिवस एस. टी.नेही जाता येते.

मामा त्यानंतर काही महिन्यांनी सेवानिवृत्त झाले. थंडीत आपले मनगट अजून दुखते, असे ते भेट झाली की हसत सांगतात. प्रस्तुत लेखक आता नोंदवहीचे प्रत्येक पान वाचून मगच सही करतो, आणि गाडीत बसण्यापूर्वी चालकाला न चुकता विचारतो, “ब्रेक कसा आहे ?” उत्तर यावयास क्षणभर जरी विलंब लागला, तरी ती गाडी त्या दिवशी आवाराबाहेर पडत नाही.